कोकणातल्या घरासाठी साठवण सर्व्हर : दोन पावसाळ्यांनंतरचे परीक्षण

माझ्या वडिलांनी २००१ ते २०१२ या काळात आमच्या आणि आसपासच्या गावांच्या जत्रांतील दशावतारी नाटके मिनी डीव्ही कॅसेटवर टिपून ठेवली होती. एकूण ११२ कॅसेट, प्रत्येक ६० मिनिटांची. त्या माजघरातल्या शिसवी कपाटात, डांबराच्या गोळ्या घालून, व्यवस्थित तारखा लिहून ठेवलेल्या होत्या. २०२३ च्या श्रावणात कपाट उघडून एक कॅसेट उजेडात धरली, तेव्हा तिच्या खिडकीतून दिसणाऱ्या फितीच्या कडेवर पांढुरकी बुरशी धरलेली दिसली. नखाने हलकेच टेकवले तर ती पिठासारखी सुटून आली. त्या दिवशी ठरले की हे सारे संगणकावर उतरवायचे आणि अशा ठिकाणी ठेवायचे की घरातल्या कोणालाही, कोणत्याही खोलीतून ते पाहता येईल आणि एक डिस्क गेली म्हणून काहीही नाहीसे होणार नाही. त्यासाठी मी मे २०२४ मध्ये घरगुती साठवण सर्व्हर उभा केला, ज्याला या क्षेत्रात सगळे जण नॅस म्हणतात. त्याने दोन पावसाळे पाहिले आहेत. त्याच्या प्रत्येक भागाविषयीचे माझे मत येथे मांडत आहे. आमचे घर मालवण तालुक्यात, समुद्रापासून साधारण चारशे मीटरवर आहे, आणि हे परीक्षण त्याच अंतरावरून लिहिलेले आहे असे समजावे. पुण्यातल्या वातानुकूलित खोलीत हीच यंत्रसामग्री वेगळी वागेल.

सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सगळे त्याच्याभोवती फिरते. साठवण सर्व्हरविषयी जे काही लिहिलेले सापडते, त्यात प्रोसेसर कोणता, मेमरी किती, नेटवर्कचा वेग किती याचीच चर्चा अधिक असते. किनाऱ्यावरच्या घरात मात्र आधी वीज, मग जागा, मग डिस्क, आणि सर्वांत शेवटी प्रोसेसर, असा क्रम लावावा लागतो. माझ्या एकूण खर्चातल्या दर शंभर रुपयांपैकी सुमारे पन्नास डिस्कवर गेले, तीसच्या आसपास विजेच्या बंदोबस्तावर, आणि उरलेल्या वीस रुपयांत मदरबोर्ड, मेमरी, पेटी असे सगळे बसले. आज पुन्हा करायचे झाले तर विजेचा वाटा मी आणखी वाढवीन.

विजेचे महत्त्व मला एका नुकसानीतून कळले. सर्व्हरच्या आधी माझ्याकडे एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क होती आणि तिच्यावर आजीच्या आवाजातल्या ओव्या आणि घरातल्या चार लग्नांची छायाचित्रे होती. एका जूनच्या संध्याकाळी वादळी पावसात आमच्या वाडीकडे येणाऱ्या लाइनचा न्यूट्रल तुटला. घरातले दिवे एकदम पांढरेशुभ्र पेटले, पंखे भरधाव फिरू लागले, आणि शेजारचे काका अंगणातून ओरडले, "न्यूट्रल तुटलो हा, मेन बंद करा आधी!" मेनपर्यंत पोचायला मला दहा सेकंद लागले असतील. तेवढ्यात राउटरचा अडॅप्टर, दूरदर्शन संच आणि त्या डिस्कचा वीजपुरवठा जळाला. तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल डीपीच्या बाजूला तुटला की एकेका फेजवरच्या घरांना २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब मिळू शकतो, आणि साधा सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड त्यापुढे टिकत नाही, कारण तो क्षणभराच्या उसळीसाठी बनवलेला असतो, मिनिटभर चालणाऱ्या जादा दाबासाठी नव्हे. आजीच्या ओव्यांपैकी निम्म्या मला नातेवाइकांच्या फोनमधून परत मिळाल्या. बाकीच्या गेल्या.

म्हणून सर्व्हरसाठी पहिली खरेदी केली ती मीटरनंतर बसवायच्या व्होल्टेज प्रोटेक्टर रिलेची. दाब ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो संपूर्ण मंडळ तोडतो आणि वीज सुरळीत झाल्यावर लगेच जोडत नाही, तर ठरवलेला वेळ थांबून जोडतो. माझ्याकडे तो वेळ ३ मिनिटांचा आहे. फ्रिजच्या स्टॅबिलायझरमध्ये असते तीच ही सोय. कोकणात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की लाइट येते तेव्हा एकदाच येत नाही. येते, जाते, पुन्हा येते, आणि मग स्थिरावते. डिस्कच्या दृष्टीने हीच पहिली दोन-तीन मिनिटे सर्वांत वाईट असतात. या छोट्या यंत्राला मी संपूर्ण मांडणीतले सर्वाधिक गुण देतो. गेल्या पावसाळ्यात त्याने किती वेळा मंडळ तोडले याची मोजदाद मी ठेवली नाही, पण जुलैमध्ये एका रात्रीतच पाच वेळा त्याचा खटका ऐकला.

अर्थिंगविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. आमच्याकडे जमीन जांभ्याची. जांभा पावसाळ्यात पाणी धरतो तोवर ठीक, पण एप्रिल-मेमध्ये तो इतका कोरडा पडतो की अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो, आणि वळिवाच्या विजा नेमक्या त्याच दिवसांत कडाडतात. वायरमनने मोजले तेव्हा आमच्या जुन्या खड्ड्याचा रोध ४० ओहमच्या वर निघाला. तो ५ च्या आत असावा असे ते मानतात. कोळसा-मीठ घालून नवा खड्डा केला, त्यात पाइप उभा ठेवला, आणि आता उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्यात दोन बादल्या पाणी ओततो. सर्ज संरक्षणाची कितीही महागडी साधने घेतली तरी त्यांना वीज जमिनीत सोडायला वाट हवी, आणि ती वाट म्हणजे हा खड्डा.

यूपीएस निवडताना माझी एक चूक झाली. घरात इन्व्हर्टर आहे, तो साइन वेव्हचा आहे, मग वेगळा यूपीएस कशाला, असा विचार करून पहिले दोन महिने सर्व्हर इन्व्हर्टरवर चालवला. इन्व्हर्टर वीज देतो, पण बॅटरी संपत आल्याचे संगणकाला सांगत नाही. आमच्याकडे वादळानंतर वीज तासाने येईल की चार दिवसांनी, याचा भरवसा नसतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा सिंधुदुर्गात अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती, आणि त्याआधीच्या वर्षी ३ जून रोजी निसर्ग वादळ आले तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीची तीच अवस्था झाली होती. इतका काळ सर्व्हर चालवत ठेवणे हे यूपीएसचे कामच नव्हे. त्याचे काम एवढेच की सर्व्हरला नीट बंद व्हायला वेळ द्यायचा आणि तशी सूचना द्यायची. त्यासाठी यूपीएसला संगणकाशी बोलणारा यूएसबी पोर्ट असणे अत्यावश्यक आहे. बाजारातल्या अनेक स्वस्त यूपीएसना तो नसतो, आणि काहींच्या मागे दिसणारा यूएसबी पोर्ट केवळ मोबाइल चार्ज करण्यासाठी असतो, म्हणून दुकानात विचारून, माहितीपत्रक वाचूनच घ्यावा. मी १ केव्हीए क्षमतेचा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस घेतला. सर्व्हर आणि राउटर मिळून भार इतका कमी आहे की तो सुमारे ५० मिनिटे टिकतो. नेटवर्क यूपीएस टूल्स हे मुक्त सॉफ्टवेअर त्याच्यावर लक्ष ठेवते आणि वीज जाऊन १० मिनिटे झाली की सर्व्हर व्यवस्थित बंद करते.

येथे मी सर्वसाधारण सल्ल्याच्या उलट वागलो आहे, म्हणून कारण सांगतो. मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणाऱ्या त्याच्या मूळ प्रणालीत, वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे अशी सोय असते आणि सर्व्हरसाठी ती चालू ठेवावी असे सगळे सांगतात. जून ते सप्टेंबर ती मी बंद ठेवतो. वादळी रात्री सर्व्हर आपण होऊन सुरू होण्याची आम्हाला काही गरज नसते. सकाळी चहा झाल्यावर, लाइन स्थिर आहे हे पाहून, मी किंवा आई बटण दाबतो. यूपीएसची शिसे-आम्लाची बॅटरी आमच्या उष्म्यात दोन-तीन वर्षांवर जात नाही, तिचा खर्च वार्षिक समजूनच धरावा.

घातक दाब फक्त विजेच्या लाइनमधूनच येतो असेही नाही. आमच्या आंब्याच्या बागेकडे तोंड करून एक कॅमेरा आहे आणि त्याची नेटवर्क केबल तीस मीटर उघड्यावरून घरात येते. वीज जवळपास कोसळली की अशा लांब तांब्याच्या तारेत दाब उसळतो आणि स्विचमार्गे तो थेट सर्व्हरच्या मदरबोर्डपर्यंत पोचतो. यावर मी केलेला उपाय स्वस्त आहे आणि मनापासून सुचवावासा वाटतो. कॅमेऱ्याचा स्विच आणि घरातला स्विच यांच्यामध्ये दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तांब्याच्या तारेतला संकेत प्रकाशात बदलणारी छोटी यंत्रे, बसवून दीड मीटर फायबरची जोडणी केली. काचेतून वीज वाहत नाही. इंटरनेटची फायबर केबल खांबावरून येते तिच्यात मात्र आधारासाठी धातूची तार असू शकते. ती तार घराबाहेरच तोडून घेतली आहे ना, हे केबलवाल्याला विचारून स्वतः डोळ्यांनी पाहावे.

आता जागेविषयी. पहिला विचार माळ्याचा होता, कारण २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले ती दृश्ये कोणी विसरलेले नाही आणि उंच जागा सुरक्षित वाटते. पण कौलारू घराचा माळा मे महिन्यात भट्टीसारखा तापतो आणि उंदरांचा वावर असतो तो वेगळाच. पडवीत खारा वारा थेट येतो. शेवटी माजघरातल्या आतल्या भिंतीवर, जमिनीपासून पाच फुटांवर, लाकडी फळीवर सर्व्हर ठेवला. पश्चिमेची बाहेरची भिंत जाणीवपूर्वक टाळली, कारण नैर्ऋत्येच्या पावसाने ती चार महिने आतून ओलसर राहते. पेटीच्या सर्व झरोक्यांना मच्छरदाणीची बारीक जाळी आतून लावली आहे. पाल आणि मुंग्या यांना यंत्राची ऊब आवडते, आणि अडॅप्टरमध्ये शिरलेल्या पालीने शॉर्ट सर्किट झाल्याचे प्रसंग आमच्या पंचक्रोशीत नवे नाहीत.

दमटपणाबाबत जे समजले ते माझ्या आधीच्या समजुतीच्या विरुद्ध होते. पावसाळ्यात यंत्र बंद ठेवून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावे, असे मला वाटत असे. प्रत्यक्षात बंद यंत्रच सर्वांत लवकर खराब होते. २८ अंश तापमानाची आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा यंत्राच्या उबेने ३८ अंशांवर गेली की तिच्यातले पाणी तेवढेच राहते, पण सापेक्ष आर्द्रता सुमारे ५१ टक्क्यांवर उतरते. म्हणजे चालू यंत्राच्या पोटात बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कोरडे असते. याउलट चार दिवस बंद राहिलेले यंत्र खोलीइतकेच ओले होते आणि मेमरीच्या व डिस्क जोडणाऱ्या साटा केबलच्या संपर्कांवर हिरवट थर चढू लागतो. म्हणून सर्व्हर बारा महिने चालू असतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवण्यात अर्थ नाही. पंखा असलेल्या पेटीतून हवा सतत वाहते, त्या पुड्या एका दिवसात भरून जातात.

ही अट मान्य केली की यंत्र कोणते घ्यावे हे बरेचसे आपोआप ठरते. बारा महिने चालायचे तर वीज कमी खाल्ली पाहिजे आणि पंखे कमी असले पाहिजेत. घरात पडून असलेला जुना डेस्कटॉप मी आधी लावून पाहिला. तो भिंतीवरच्या मीटरवर ७० वॉट दाखवत होता, म्हणजे महिन्याला ५० युनिट. आणि त्याच्या वीजपुरवठ्याचा पंखा खारी हवा थेट उच्च दाबाच्या भागावरून ओढत होता. तो बाद केला. रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा संगणक वीज फारच कमी घेतो, पण जादा बोर्ड लावला नाही तर त्याला डिस्क यूएसबीने जोडाव्या लागतात, आणि सतत चालणाऱ्या दोन डिस्कच्या जोडीसाठी यूएसबीची जोडणी मला भरवशाची वाटली नाही. तयार यंत्रांपैकी सिनॉलॉजीचे डीएस२२४प्लस मी गंभीरपणे विचारात घेतले होते. दोन डिस्कची जागा, सेलेरॉन जे४१२५ प्रोसेसर, २ जीबी मेमरी, आणि वापरायला अत्यंत सोपे सॉफ्टवेअर. ज्यांना संगणकाशी झटापट करायची नाही, त्यांनी असे तयार यंत्रच घ्यावे, असे मी आजही सांगेन. मी ते घेतले नाही याचे कारण दुरुस्ती. आमच्याकडे मदरबोर्ड जाण्याची शक्यता शहरापेक्षा जास्त, आणि तयार यंत्राचा बोर्ड गेला की संपूर्ण खोके सेवा केंद्राकडे पाठवून वाट पाहावी लागते. त्यातल्या डिस्क लिनक्स संगणकावर वाचता येतात हे खरे, पण तो खटाटोप माझ्या गैरहजेरीत घरातल्या दुसऱ्या कोणाला जमला नसता. नंतर एप्रिल २०२५ मध्ये त्याच कंपनीने नव्या प्लस मालिकेतल्या यंत्रांत स्वतःच्या किंवा प्रमाणित डिस्कच वापरण्याचे बंधन घातले आणि वापरणाऱ्यांच्या नाराजीनंतर ऑक्टोबरमध्ये ते सैल केले. निर्णय मागे घेतला हे चांगलेच झाले, पण स्वतः जुळवलेल्या यंत्राला असा प्रश्नच पडत नाही.

माझी निवड एएसरॉकच्या एन१००डीसी-आयटीएक्स या छोट्या मदरबोर्डवर स्थिरावली. त्यावर इंटेलचा एन१०० हा चार कोरचा प्रोसेसर जडवलेलाच येतो, ज्याची औष्णिक मर्यादा ६ वॉटची आहे, आणि त्याला पंखा नाही, केवळ ॲल्युमिनियमचा जाड हीटसिंक आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्याला नेहमीचा मोठा वीजपुरवठा लागत नाही; लॅपटॉपसारखा १९ व्होल्टचा अडॅप्टर बाहेरून जोडायचा. माझ्या दृष्टीने कोकणासाठी हे वरदान आहे. सर्वांत लवकर जळणारा भाग पेटीबाहेर गेला, तो स्वस्त आहे, आणि मी त्याचा एक जादा नग कपाटात ठेवला आहे. अडॅप्टर बोर्डसोबत येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, तेव्हा जॅकचे माप पाहूनच घ्यावा. त्याची क्षमता ठरवताना चालू अवस्थेतला खप पाहून फसू नये. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करते त्या काही सेकंदांत १२ व्होल्टवर दीड ते दोन अँपिअर ओढते. दोन डिस्क एकदम सुरू झाल्या की पन्नास वॉटच्या जवळपास भार नुसता त्यांचाच होतो. म्हणून ९० वॉटचा अडॅप्टर घेतला. सगळे स्थिरावल्यावर भिंतीवरचा मीटर २४ वॉट दाखवतो, म्हणजे महिन्याला साधारण १७ युनिट.

या बोर्डच्या उणिवाही स्पष्ट आहेत. साटा पोर्ट दोनच, मेमरीची खाच एकच, नेटवर्क एक गिगाबिटचे, आणि मेमरीतली चूक स्वतः दुरुस्त करणाऱ्या ईसीसी मेमरीची सोय नाही. यापैकी शेवटची गोष्ट मला खटकते आणि पैसे असते तर मी ती टाळली असती. बाकीच्यांचा त्रास झाला नाही. एक गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास प्रत्यक्ष वेग मिळतो, तो आमच्या कामाला भरपूर आहे. आणि तसेही आमच्या जांभ्याच्या हातभर जाडीच्या भिंतींतून वायफाय इतके क्षीण होते की दोन खोल्यांत मला कॅट ६ केबलच ओढावी लागली. मेमरी १६ जीबी टाकली. ती पुरते.

डिस्कबाबत मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि तो सार्थकी लागला. पहिला हिशेब जागेचा. मिनी डीव्हीची एक तासाची फीत उतरवली की सुमारे १३ जीबी होते. ११२ पैकी ९३ कॅसेट आतापर्यंत उतरवल्या, म्हणजे १.२ टीबी. छायाचित्रे, सातबारे आणि बागेच्या हिशेबाचे स्कॅन, फोनमधले व्हिडिओ मिळून आणखी सुमारे ४०० जीबी. आता मी स्वतः जत्रेला जाऊन नवे चित्रीकरण करतो. मध्यरात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारे सहा तासांचे नाटक माझ्या कॅमेऱ्याच्या सेकंदाला २५ मेगाबिट वेगाने ६७ जीबी जागा घेते, आणि एका हंगामात अशी तीन-चार होतात. ४ टीबीच्या दोन डिस्क, एकमेकींची हुबेहूब प्रत म्हणून लावलेल्या, मला सहा-एक वर्षे पुरतील असा अंदाज निघाला. ४ टीबीची डिस्क संगणकावर ३.६ च्या आसपास दिसते हे लक्षात ठेवावे. निर्माते हजाराच्या पटीत मोजतात आणि यंत्रणा १०२४ च्या पटीत. शिवाय पाचवा हिस्सा रिकामा ठेवणे चांगले.

दुसरा मुद्दा डिस्कच्या प्रकाराचा. स्वस्त डिस्कपैकी बऱ्याच एसएमआर पद्धतीच्या असतात. कोकणातल्या माणसाला ही पद्धत समजावणे सोपे आहे: त्यात माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधले एक कौल बदलायचे तर वरची कौले उतरवून पुन्हा बसवावी लागतात. नुसते लिहून ठेवून वाचण्यासाठी अशी डिस्क चालते. मात्र जोडीतली एक डिस्क गेल्यावर नव्या डिस्कवर सगळी माहिती पुन्हा भरताना तिचा वेग असह्य खालावतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने रेड या नॅससाठीच्या मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचे मान्य केले, कारण खोक्यावर तसे लिहिलेले नव्हते आणि ग्राहकांनी त्यावर प्रश्न उठवले होते. त्यानंतर सीएमआर पद्धतीच्या, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेल्या, डिस्क रेड प्लस या नावाने वेगळ्या केल्या. मी एक रेड प्लस आणि एक सीगेटची आयर्नवुल्फ घेतली, दोन्ही ४ टीबी, दोन्ही सीएमआर, दोघींची हमी ३ वर्षांची. वेगवेगळ्या निर्मात्यांच्या घेण्याचे कारण असे की एकाच दिवशी एकाच खोक्यातून निघालेल्या दोन डिस्क एकाच दोषाने, एकाच सुमारास जाण्याची भीती असते.

या जोडीबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. पेटीत एक मोठा, संथ फिरणारा १२० मिलिमीटरचा पंखा डिस्कच्या समोर आहे. मे २०२५ च्या दुपारीही तापमान ४५ अंशांवर गेले नाही. आयर्नवुल्फचा डोके हलवण्याचा आवाज रात्रीच्या शांततेत ऐकू येतो, म्हणून निजायच्या खोलीत ठेवू नये.

खरेदीचा एक अनुभव मात्र सावध करणारा आहे. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीसाठी तिसरी डिस्क एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली. नवी म्हणून आलेली ती डिस्क एका पातळ पिशवीत, कसल्याही गादीशिवाय होती. डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या स्मार्ट नोंदीत तिचे चालू तास शून्य दिसत होते. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या सीगेट डिस्क तास पुसून नव्या म्हणून विकल्याचे प्रकरण उघड झाले होते आणि त्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक आतली नोंद असते, ती पुसलेली नव्हती, हे मी वाचले होते. स्मार्टसीटीएल या डिस्कच्या नोंदी वाचणाऱ्या साधनाच्या नव्या आवृत्तीने ती नोंद वाचून पाहिली, तर डिस्क हजारो तास फिरलेली निघाली. डिस्क परत केली; पैसे मिळायला तीन आठवडे पत्रव्यवहार करावा लागला. पुढची डिस्क मी कणकवलीच्या दुकानातून, समोर खोके उघडून घेतली. थोडे पैसे जास्त गेले, पण अशा वस्तूसाठी दुकानदाराचा चेहरा ओळखीचा असणे याची किंमत मी आनंदाने देईन. नवी डिस्क हाती आल्यावर तिच्यावर काहीही ठेवण्याआधी संपूर्ण पृष्ठभाग एकदा लिहून-वाचून तपासावा. ४ टीबीला पूर्ण दिवस लागतो, तो द्यावा.

सॉफ्टवेअर म्हणून ट्रूनॅस घेतले, त्यातल्या झेडएफएस या फाइल प्रणालीसाठी. प्रत्येक तुकड्याची पडताळणीची बेरीज ती वेगळी लिहून ठेवते आणि वाचताना जुळवून पाहते. एका डिस्कवरचा तुकडा बिघडलेला आढळला तर दुसरीवरून तो दुरुस्त करते. ऑगस्ट २०२४ मध्ये नियमित तपासणीत रेड प्लसवर काही चुका दिसल्या. डिस्कचे खराब सेक्टर शून्य होते, पण स्मार्टमधली १९९ क्रमांकाची नोंद वाढत होती, आणि ती नोंद केबलवरच्या चुकांची असते. साटा केबल काढली तर तिच्या टोकाच्या सोनेरी पट्ट्यांवर एक बारीक काळसर डाग होता, सुईच्या टोकाएवढा. केबल बदलली, दोष गेला, एकही फाइल बिघडली नाही. दुसऱ्या कोणत्याही साध्या फाइल प्रणालीवर हे कदाचित वर्षभर कळले नसते. हिरव्या-काळ्या डागांचा हा धोका असल्याने आता दर दिवाळीला पेटी उघडून सगळे संपर्क संपर्क-स्वच्छकाने पुसतो.

जोडीने लावलेल्या डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीवरून एकदम पुसली जाते, आणि वीज कोसळली तर दोन्ही एकाच पेटीत असतात. म्हणून एक प्रत पुण्याला बहिणीच्या घरी आहे, रास्पबेरी पायला जोडलेल्या, कणकवलीच्या दुकानातून घेतलेल्या डिस्कवर. आमच्या इंटरनेटचा वरच्या दिशेचा वेग ४० मेगाबिटचा, १.६ टीबी पाठवायला एकही खंड न पडता जवळजवळ पावणेचार दिवस लागले असते, आणि आमच्याकडे पावणेचार दिवस खंड न पडणे शक्य नाही. तेव्हा पहिली प्रत घरीच भरून डिस्क टॉवेलात गुंडाळून कणकवलीहून रातराणीने स्वतः नेली, आणि आता रोज रात्री फक्त नवा भाग रेस्टिक या साधनाने कुलूपबंद होऊन जातो. दोन्ही ठिकाणे टेलस्केल या खासगी नेटवर्क उभारणाऱ्या साधनाने जोडली आहेत. राउटरमध्ये बाहेरून आत येणारी वाट मुळीच उघडलेली नाही. २०२१ आणि २०२२ मध्ये इंटरनेटवर उघडी ठेवलेली क्यूनॅप या कंपनीची तयार नॅस यंत्रे क्यूलॉकर आणि डेडबोल्ट या खंडणीखोर सॉफ्टवेअरनी हजारोंच्या संख्येने कुलूपबंद केली, त्यावरून एवढे शिकणे पुरेसे आहे.

बदलायचे ठरवले आहे ते दोनच. पुढच्या मृगाआधी यूपीएसची बॅटरी, आणि पेटी. सध्याच्या पत्र्याच्या पेटीच्या खालच्या कडेला रंग फुगून गंज वर आला आहे, तिच्या जागी ॲल्युमिनियमची आणीन. उरलेल्या १९ कॅसेटवर बुरशी जास्त आहे आणि त्या चालवण्याआधी फीत हाताने साफ करून घ्यावी लागणार आहे; त्यांच्यासाठी लागणारी अडीचशे जीबी जागा सर्व्हरवर राखून ठेवली आहे.